नांदेडचा लाल ठिपका

अहमदपूरच्या स्टँडवर एक उंच पोरगा नांदेडच्या बसमध्ये चढला आणि नेमका मंजुषाच्या शेजारी येऊन बसला. ती फोनवर तणतणत होती, “सर, त्या मल्लिनाथला आज घरी बसवूनच येते!”

फोन ठेवला तसा पोरगा हळूच म्हणाला, “काय केलं हो त्यानं?”

अनोळखी माणसाला कशाला सांगायचं? पण डोकं इतकं तापलेलं की सांगून बसली. लातूरच्या कोचिंग क्लासचे सर्व्हर ती सांभाळायची. तीन लातुरात, एक नांदेडच्या शाखेत, मल्लिनाथच्या ताब्यात. चारही सर्व्हरची सेटिंग तिनं ठरवलेल्या नमुन्यासारखी हुबेहूब हवी, कारण एक बंद पडला की त्याचं काम दुसऱ्यानं उचलायचं. फरक राहिला की पोरांची परीक्षा मध्येच अडकणार. फरक दिसला की तिच्या संगणकावर लाल ठिपका यायचा, आणि नांदेडच्या सर्व्हरपुढं तो रोज सकाळी! संध्याकाळी ती लातुरातून नीट करायची, सकाळी पुन्हा तेच. रविवारी मोठी चाचणी होती. क्लासच्या मालकांनी, अमृतराव सरांनी, बजावलं होतं, ज्याची चूक त्याची नोकरी गेली.

“मुद्दाम नसंल केलं त्यानं...”

“तुम्ही त्याचे वकील का?”

“न्हाई...” तो कानापर्यंत लाल झाला. “मीच हाय तो. गावाकडं आलतो.”

अगं बाई! मंजुषाला वाटलं, चालत्या बसमधून उडी मारावी. फोनवर खरखरणारा हाच आवाज इतका मऊ कसा? आणि रागवायचं सोडून आपण याच्या पापण्या काय बघत बसलोय?

“रोज करता तरी काय त्या सर्व्हरला?” तिनं उगाच आवाज चढवला.

“तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं तसंच ठेवतो. बदललेलं दिसलं की परत नीट करतो. त्र्याण्णवच्या भूकंपापासून आमच्या घरची रीतच हाय ती — सकाळी उठून आधी बघायचं, काय हललं. आन् हललेलं जाग्यावर ठेवायचं.”

“अहो, पण नमुना मीच बदलला ना मागच्या महिन्यात!”

“मला... कुठं सांगितलं?”

खरंच की. सांगितलंच नव्हतं. मंजुषाचा चेहरा उतरला. लोह्याच्या स्टँडवर बस थांबली तसा तिनं फोन लावला. “सर, चूक माझी आहे. मल्लिनाथची नाही. नोकरी जायची तर माझी जाऊ द्या.”

पलीकडून सर जे गरजले, ते शेजारीही ऐकू आलं. शेवटी म्हणाले, “आधी रविवार पार पाडा!”

दोघांनी मिळून तो पार पाडला. एकही पोरगं अडकलं नाही, आणि सरांनी नोकरीचा विषय पुन्हा काढला नाही.

सोमवारी मंजुषानं संगणक उघडला. चारी ठिपके हिरवेगार. आनंद व्हायला हवा होता... झालाच नाही. आता फोन कशासाठी करायचा? लाल ठिपक्याची वाट बघतेय मी? वेड लागलं की काय मला!

तेवढ्यात फोन वाजला. नांदेड.

“काय बिघडलं?” तिनं पहिल्याच रिंगला उचलून विचारलं.

“काहीच न्हाई. सगळं ठीक हाय...” तो अडखळला. “म्हणूनच केला. आता काम नसतानाबी करत जाऊ का? तुमचा आवाज ऐकल्याबिगर करमत न्हाई मला.”

मंजुषानं पदर नव्हता म्हणून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

“रोज सकाळी करा,” ती म्हणाली. “आणि याच्यात मला विचारल्याशिवाय काही बदलायचं नाही.”