बुरुजावरची गार जागा

चंद्रपुरात मे महिन्यात सूर्य मावळला तरी उन्हाळा मावळत नाही. दिवसभर तापलेले दगड अंधार पडेपर्यंत धग सोडत राहतात. तरीही आमच्या पठाणपुऱ्यातली माणसं संध्याकाळी गावाभोवतीच्या जुन्या परकोटाच्या भिंतीवर चढतात, कारण टिनाच्या छपराखाली त्याहून वाईट असतं. वर निदान वारा असतो. एका बाजूला झरपट नदीचं सुकलेलं पात्र, दुसऱ्या बाजूला गच्च्या, कूलर, वाळत घातलेल्या साड्या, आणि दूर वीज केंद्राचा धूर. बायका चादरी अंथरतात, पोरं कुल्फीवाल्यामागे धावतात. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. सुट्ट्या लागल्या होत्या, म्हणून बायकोला, रंजीताला, घेऊन रोज जात होतो.

तिला उन्हाळा सोसत नसे. अंगभर घामोळ्या, डोळ्याला डोळा नाही, जेवण नको. वर जायची कल्पना माझीच.

कोपऱ्यातल्या बुरुजावरची ती जागा मात्र तिला सापडली.

"इथी हात लावून पाहा," ती म्हणाली.

कठड्यालगतचा दगड नव्या माठासारखा गार होता. त्याच्या शेजारच्या दगडावर तळवा टेकवता येत नव्हता. आत पोकळी असेल, खालून ओल चढत असेल, असं मी तिला समजावू लागलो. ती ऐकत नव्हती. पाठ टेकून, डोळे मिटून बसली होती, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या कपाळावरची आठी गेली होती.

शेजारच्या गिरजाबाई नातीला घेऊन वर येत. त्या कायम तापलेल्या पायऱ्यांवर बसत.

"तुमी नाई बसत इथी?" मी एकदा विचारलं.

"नाई, सर."

"काऊन? चांगलं गार लागते."

"गार लागते, मनूनच नाई बसत." त्यांनी नातीचा हात धरला आणि उठून गेल्या.

मी प्रयोगशाळेतला तापमापी आणला. रंजीता टेकायची त्या दगडाला लावला, मग शेजारच्याला. पारा दोन्हीकडे सारखाच चढला. हात लावला, तर गार. पुन्हा तापमापी लावला, तर पारा तसाच. मी तो खिशात टाकला.

रंजीता आता शांत झोपू लागली. घामोळ्या गेल्या. तिने पंखा बंद करायला लावला. माठ भरलेलाच राहू लागला, कारण पाणी पिणारा मी एकटा. तिचा हात हातात घेतला की विहिरीतून काहीतरी वर काढल्यासारखं वाटे. डॉक्टरांनी नाडी, ताप, रक्त, सगळं पाहिलं.

"या उन्हाळ्यात घाम येत नाही, ही काय तक्रार झाली?" ते हसले.

रंजीता हसली नाही. हल्ली ती हसत नव्हती, चिडतही नव्हती. काही विचारलं की उत्तर यायला फार वेळ लागे, आणि तोवर माझा प्रश्न मलाच परका वाटू लागे.

तिला परकोटापासून दूर न्यायचं म्हणून मी तिला माहेरी, सिंदेवाहीला नेलं. तिच्या आईने, दुर्गाबाईंनी, तिच्या गालाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"जावईबापू, माया पोरीले का झालं?"

मी बॅग ओट्यावर ठेवली.

संध्याकाळी रंजीता अंगणाच्या मधोमध बसली. मागे भिंत नव्हती, तरी पाठ टेकल्यासारखी. दुर्गाबाईंनी रडतच तिला कवटाळलं. बऱ्याच वेळाने रंजीताचे ओठ हलले.

"माय, मले तिथी ठेवून दे."

त्यानंतर तिने अन्नाला तोंड लावलं नाही. शेवटी मी तिला परत आणलं.

ऑटो पठाणपुरा दरवाज्याशी थांबला तशी ती उतरली आणि परकोटावर चढली. मी बॅग घेऊन मागे धावलो. ती तिच्या जागी बसली होती. मी तिच्या शेजारी त्याच गार दगडाला टेकलो आणि उडालोच. तो दगड आता इतरांसारखाच तापलेला होता.

"रंजीता, घरी चाल."

मी तिला ओढलं. ती हलली नाही. दोन्ही हातांनी ओढलं. तिचा हात वाकेना.

तेवढ्यात एक कुटुंब वर आलं. गावात नवं असावं. बाईने चादर अंथरली. त्यांची लहान मुलगी रंजीताच्या खांद्याला टेकली.

"आई, इथी किती गार हाये!"

बाईने रंजीताच्या खांद्यावर तळवा ठेवला. चेहऱ्याकडे पाहिलंच नाही.

"खरंच वो," ती नवऱ्याला म्हणाली. "हा दगड गार हाये."

"ती माझी बायको आहे," मी म्हणालो.

बाईने माझ्याकडे पाहिलं. मग माझा हात होता तिथे पाहिलं.

"हो जी," ती हळूच म्हणाली. "भाऊ, जराशे सरकता का?"

मी सरकलो.

तिच्या नवऱ्याने बसून तंबाखू मळली, बोटाला राहिलेला चुना रंजीताच्या गालाला पुसला, आणि मावळतीकडे पाहत राहिला.