कोठारातले हात

काल संध्याकाळी भिंतीवर हात होते. आज सकाळी नव्हते.

भिंतवाली दारातच थबकली. जुन्या घरांच्या भिंतींवरचे थर खरवडून आत काय दडलंय ते शोधायचं, हे तिचं काम. कामगारांनी तिला नावही तसंच पाडलं होतं. दोनशे वर्षांच्या या घराचं संग्रहालय होणार होतं. वरच्या मजल्यावरची ही बिनखिडकीची खोली नकाशात धान्याचं कोठार होती. पण काल चुन्याखाली तिला काजळीने उमटवलेले पंजे सापडले. एकाच लहान मुलाचे. गुडघ्यापासून कमरेपर्यंत, वर जाता जाता मोठे होत गेलेले. कोठारात कधी मूल वाढतं का?

आता तिथे ताजा चुना होता.

घराचे मालक, काका, तरातरा वर आले. सत्तरी उलटली तरी आवाज खणखणीत. चुन्याचं पिंप रंगाऱ्याचं, कुंचला रंगाऱ्याचा, काल शेवटी बाहेर पडला तोही रंगारीच; मग आणखी कुणाला विचारायचं? आजपासून त्याचं काम बंद, आणि गावात दुसरं कोण त्याला उभं करतं तेही बघतो, असं त्यांनी सांगून टाकलं. रंगारी मान खाली घालून उभा राहिला.

भिंतवालीला हे पटेना. या खोलीचं दार आपल्याच वजनाने मिटायचं आणि बाहेरची कडी आपोआप पडायची. पहिल्या दिवशी ती अशीच आत अडकली होती. अंधारात भिंती अंगावर आल्या. घरी सासूबाईंच्या मांडीवर तान्ही भुकेने कळवळत असणार. इथे पान्ह्याने कुडता भिजला, आणि हाका त्या जाड दारातून बाहेर जाईनात. तेव्हा कडी काढली ती याच रंगाऱ्याने.

"दुपारपर्यंत थांबा," ती काकांना म्हणाली.

"दुपारी तुम्ही बाळाला पाजायला पळणार."

"म्हणूनच दुपारपर्यंत."

काका पाय आपटत गेले. तिने दार नीट पाहिलं. आतून, अगदी खालच्या बाजूला, हात घासून घासून लाकूड खोलगट झालं होतं. दार मिटू नये म्हणून रंगाऱ्याने मारलेली पाचर जागेवर होती. शिवाय दाराला लोखंडी खलबत्ता टेकवलेला.

"हा तू आणलास?" तिने रंगाऱ्याला विचारलं.

"पाचर असताना कशाला वाहू?"

"चुना देण्याआधी भिंतीला काय लावतोस?"

"पाणी मारतो. दुसरं काय लावणार?"

तिने ओला स्पंज दाबला. चुना सुटला आणि खालून विणलेले धागे दिसले. जुनी, मऊ मलमल, भिंतीला चिकटवलेली. चिकटवलेल्या थराला आंबूस वास होता आणि निळसर झाक.

ती खाली उतरली. जिन्याशी काकांची थोरली सावत्र बहीण कडक कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळ्यांची आत्या. चार खोल्या रिकाम्या असून बारा महिने व्हरांड्यात झोपणारी. तिने बाळाला दात आले का विचारलं, हल्ली जिना चढला की गुडघे ठणकतात म्हणून कुरकुर केली. भिंतवालीने एका घडीवरून हात फिरवला आणि काकांना व रंगाऱ्याला तिथेच बोलावलं.

"काका, ते हात तुम्हाला नको असते तर?"

"छिन्नी मारून उडवले असते."

रंगारी म्हणाला, आपण सरळ चुना फासला असता.

"ज्याने केलं, त्याने आधी कापड लावलं. भिंत जपायची असली की आम्हीही तसंच करतो. त्याला हात पुसायचे नव्हते, झाकायचे होते. कापड डकवलंय कांजीने, आणि कांजीत नीळ आहे. ती कपड्यांची कांजी. आणि पाचर असूनही दाराला खलबत्ता लागतो तो कुणाला? ज्याला दार मिटण्याचीच धास्ती आहे त्याला." तिचा आवाज खाली आला. "आत्या, ते हात तुमचे ना?"

आत्याने हातातली घडी पूर्ण केली.

"माझे. माझा वाढदिवस आला की ती समईची काजळी माझ्या हाताला फासायची."

"ती कोण?" काकांनी विचारलं.

"माझी आई."

"पण ती तर घर सोडून गेली होती. बाबाच सांगायचे."

"घर सोडून कुठे? वर गेली, एवढंच. बाबांनी बाहेरून कडी घातली. मी जरा मोठी झाले तेव्हा मला खाली आणलं. ती वरच राहिली." तिने काकांकडे पाहिलं. "तुझे बाबा तुझ्याशी चांगले होते रे. ते तुझ्याकडून काढून घ्यावं असं नाही वाटलं. आणि लोक तिकीट काढून तिला बघायला येणार, तेही सोसवेना."

ती रंगाऱ्याकडे वळली. "बालंट तुझ्यावर येईल, हे डोक्यातच आलं नाही माझ्या. उद्या मी सांगितलंच असतं. निदान तसं ठरवलं होतं."

रंगाऱ्याने मान हलवली. काकांनी त्याला कामावर जायला सांगितलं. माफी मागणं जमेना, म्हणून तेच पुन्हा सांगितलं. मग ते बहिणीशेजारी पायरीवर बसले.

"त्या खोलीच्या पाटीवर कोठार नाही लिहायचं," ते म्हणाले. "तिचं नाव लिहू, ताई. काय होतं?"

आत्याचे ओठ हलले. तिने डोळे मिटले, आठवून पाहिलं.

"मी आई म्हणायचे," ती म्हणाली. "खाली आणल्यावर कुणी नाव काढलंच नाही तिचं."