बावीस पावलांची सुरुवात

पहिल्या भेटीत तिने त्याच्या पायावर पाय दिला. अंधार होता, सँडल टोकदार होती, आणि तो थिएटरचा डोअरकीपर असल्यामुळे चालू खेळात कळवळायची त्याला परवानगी नव्हती. त्याने नुसती बॅटरी पेटवली.

"सॉरी... सुरुवात गेली ना?" ती कुजबुजली. "काय काय झालं?"

ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती. सहाच्या खेळाला कायम दहा मिनिटं उशीर; कारण डॉक्टरांचा शेवटचा पेशंट वेळेवर तोंड उघडत नसे. आणि हा सिनेमावर जीव टाकणारा, पण खेळ सुरू होताना दारात तिकिटं फाडत उभा. नोकरी लागल्यापासून एकाही सिनेमाची सुरुवात त्याने पाहिली नव्हती.

पण "माहीत नाही" म्हटलं, तर ती पुन्हा कशाला विचारेल? म्हणून दारापासून तिच्या खुर्चीपर्यंतच्या बावीस पावलांत त्याने एक सुरुवात रचून टाकली. पुढच्या शनिवारी दुसरी. असे आठ महिने गेले.

मग एका शनिवारी डॉक्टरांचीच दाढ ठणकली, दवाखाना बंद राहिला, आणि ती वेळेवर हजर. सिनेमा गेल्या आठवड्यातलाच होता. तिला त्याची सुरुवात बघायची होती. तिचं तिकीट फाडताना त्याने दोनाऐवजी तीन तुकडे केले.

मध्यंतरात ती थेट त्याच्यापाशी आली.

"हिरोला हरवलेली बहीण नाहीये."

"...नाहीये?"

"पत्रही नाही. तो नुसता उठतो आणि दात घासतो. तेही चुकीच्या पद्धतीने. किती सिनेमांत केलंत हे?"

"सगळ्यांत." संपलं, असं त्याला वाटलं.

"मी दवाखान्यात तुमच्याच गोष्टी सांगते. लोक दाढ विसरतात. एक काका तर ती बहीण शोधायला इथे दोनदा येऊन गेले."

"परत नाही करणार."

"वा, असं कसं? खरी सुरुवात अगदीच फुसकी आहे. तुमची ऐकून मी रडले होते..." ती थांबली. "तुम्हीच का नाही काढत सिनेमा?"

सिनेमा कुणीतरी काढतं, हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. त्याच्या लेखी तो दर शुक्रवारी यायचा, एवढंच. आता मात्र आत काहीतरी लख्ख पेटलं, आणि ते बॅटरीसारखं विझवता येईना.

"काढीन," तो म्हणाला. "पण मला नुसत्या सुरुवातीच येतात. शेवट नाही जमत."

"शेवट मी एकही चुकवलेला नाही. तेवढा माझ्याकडे."

पुढच्या शनिवारी ती पावणेसहालाच आली. तिकीट फाडून घेतलं, आणि आत न जाता दाराशी भिंतीला टेकून उभी राहिली. सहा वाजले. सहा-पाच झाले.

"सुरुवात चाललीये," तो म्हणाला.

"चालू दे त्यांची."

सहा-दहाला तिने त्याच्या बॅटरीच्या हातावर हात ठेवला. "चल... सांग आता आपली."

'चल' म्हणाली होती ती – 'चला' नव्हे. बावीस पावलांच्या वाटेला त्या दिवशी चाळीस पावलं लागली. मागच्या रांगेतून कुरकूर ऐकू आली. ती त्याने आपल्यावरची पहिली समीक्षा म्हणून नम्रपणे स्वीकारली.