उलटं पडलेलं बटण

"ओ शूटिंगवाले, सरका की जरा! तुमची पाठ नाही घ्यायची मला!"

शिरूरच्या मंगल कार्यालयात शेवटच्या मंगलाष्टकाचा सूर टिपेला पोचलेला, अंतरपाट आत्ता सुटेल की मग सुटेल, आणि नवरा-नवरीच्या बरोब्बर मधे एक निळा चौकड्याचा शर्ट! हर्षदानं त्याला खांद्यानं बाजूला ढकललं. अंतरपाट खाली आला... क्लिक! नवरीनं नवऱ्याकडं टाकलेली पहिली चोरटी नजर तिला मिळाली. त्या शर्टवाल्यानं अजून अर्धा क्षण खाल्ला असता तर गेलीच होती हातची.

तो वळला. खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा, केसांत अक्षता. "मॅडम, ढकललंत ते ढकललंत, वर ओरडलात पण! कॅसेटमध्ये आवाज येतो हो..."

"येऊ दे. तेवढं तरी ऐकण्यासारखं येईल."

हसला मेला! आणि हर्षदाचा पुढचा फोटो चक्क हलला.

हर्षदा वरवंडची. आठवडाभर कुरकुंभच्या औषध कंपनीत पॅकिंगला, टेंपररी. रविवारी मात्र साहेबराव मामाचा कॅमेरा तिच्या गळ्यात. मामाचा दौंडला स्टुडिओ. कॅमेरा तिला त्यानंच शिकवलेला. त्याच आठवड्यात कंपनीचं पत्र आलं होतं — पुढच्या महिन्यापासून पर्मनंट! आठ दिवसांनी, पुढच्या सोमवारी सही करून द्यायची. वडलांनी, आबांनी, तर अख्ख्या आळीत पेढे वाटले. पण पर्मनंट म्हणजे पाळ्या आल्या, रविवारही गेले, आणि लग्नसराईत सुट्टीचं नाव काढायचं नाही. म्हणजे कॅमेरा खुंटीला. सगळं घर खुश होतं. जिच्या नावानं पत्र आलं ती सोडून.

लग्नात फोटोवाले आणि शूटिंगवाले जेवतात सगळ्यात शेवटी, जिलबी संपल्यावर. त्या दिवशी मात्र हर्षदाच्या पानात दोन जिलब्या पडल्या.

"बाजूला काढून ठेवल्या होत्या," शेजारी बसत तो म्हणाला. "मी बिरदेव. कारेगावला असतो."

"लाच आहे का ही?"

"आता ढकललं कुणी? भरपाई खरं तर तुम्ही द्यायची. पण जाऊ द्या, मी मनानं मोठा हाय."

काय झालं कुणास ठाऊक! घरात कुणाला बोलली नव्हती ते हर्षदा या परक्या माणसाला सांगून बसली. पत्राचं, सोमवारचं, मन होत नसल्याचं, सगळं.

"मग करणार सही?"

"करायचीच आहे... बहुतेक."

"बहुतेक म्हंजी?"

तिनं जिलबीचा तुकडा तोंडात टाकला. तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही.

गुरुवारी संध्याकाळी कंपनीतून सुटून ती मामाच्या स्टुडिओत फोटो अल्बमला लावत होती, तर दारात बिरदेव. हातात कॅसेट, आणि चेहरा असा की घरी चोरी झाली असावी.

"मॅडम... बटण उलटं पडलं."

या धंद्यात याहून वाईट वाक्य नाही. शूटिंगचं बटण एकच. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. सुरुवातीला एकदा दाबलेलं नीट बसलं नाही, की पुढं सगळाच उलटा कारभार. चालू समजता तेव्हा बंद, बंद समजता तेव्हा चालू!

"मंगलाष्टका न्हाईत, सप्तपदी न्हाई, कन्यादान न्हाई," बिरदेव रडकुंडीला आला. "नवरीचा बाप हौसराव मला उभा सोलंल. तुमचे फोटो द्या, मॅडम. गाणी टाकून कॅसेटमध्ये बसवतो."

"काय आलं नाही, ते कळलं. आलंय काय मग?"

बिरदेवनं कॅसेट छातीशी धरली. कानाच्या पाळ्या लाल. मामानं त्याच्या हातातून कॅसेट ओढली आणि मशिनमध्ये घातली.

आधी चपला दिसल्या. मग सतरंजी. आणि मग... हर्षदा.

खुर्चीवर चढलेली, पदर खोचलेली, नवरीच्या काकांना "हसा की हो, तुमचा खर्च नाही होत!" म्हणणारी. नवरीची आजी धुरपदाबाई फोटोला तोंड लपवत होती, तर तिच्यापुढं उकिडवी बसून, "आजी, तुमच्या लग्नात नवरा कसा होता हो?" असं विचारणारी. आजी बोळकं उघडून हसली आणि पडद्यावरच्या हर्षदानं क्लिक केलं. ती स्वतःही हसत होती. घामानं डबडबलेली, केस सुटलेले, आणि डोळे असे की सगळा मांडव तिच्या मालकीचा.

हर्षदा बघतच राहिली. कंपनीत तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. सुपरवायझर तिला नंबरानं हाक मारायचा. आपण अशाही दिसतो? ती पडद्याच्या आणखी जवळ सरकली आणि तिला हसू आलं.

"पण काय हो," ती हळूच म्हणाली, "चालू असलं की डोळा लावायच्या काचेत लाल ठिपका दिसतो ना? तो नाही दिसला?"

"दिसला असता..." बिरदेव जमिनीकडं बघत पुटपुटला. "पण मी तिथं बघत कुठं होतो?"

मामाला अचानक बाहेर चहा सांगायची आठवण झाली.

फोटो तिनं दिले. हौसरावांची कॅसेट निभावली. आणि रविवारी सकाळी ती आबांना हाताला धरून स्टुडिओत घेऊन आली. मशिन लावून द्यायला आलेला बिरदेव कोपऱ्यात वायरी गुंडाळत होता. आबांनी फेटा मांडीवर ठेवून उलट्या बटणाची सगळी कॅसेट बघितली.

"आबा, मी सही नाही करणार," हर्षदा म्हणाली. "मला हेच काम करायचंय. रोज. यंदा कंपनीपायी चार लग्नं सोडली मी. बाया-पोरी गड्याच्या कॅमेऱ्यापुढं मान वर करत नाहीत, माझ्यापुढं करतात."

"आन् मी वाटलेलं पेढं?" आबा कडाडले. "ते काय दारोदार परत मागू? पोटात गेलं त्यांच्या!"

हर्षदाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आबांनी ते पाहिलं. मग बंद पडद्याकडं बघत विचारलं, "कंपनीत बी अशीच हसतीस व्हय गं?"

"नाही, आबा."

आबांनी फेट्याची किनार चाचपली. "मी मेंढरं सोडून शेती धरली, तवा माझा बा आठ दिस बोलला न्हाई माझ्याशी. मी न्हाई तसं करायचो." त्यांनी नाक पुसलं. "उद्या मी बी येतो कंपनीत. न्हाई म्हणायचं तर समोर उभं राहून म्हणावं. पण पोरी, एक सांग. असं मांडवा-मांडवात हिंडणाऱ्या फोटोवालीला करून कोण घेणार?"

"मी हाय की!"

कोपऱ्यातून आवाज आला आणि पाठोपाठ वायरीचं भेंडोळं धाडकन खाली पडलं. बोलून गेल्यावर बिरदेवला कळलं आपण काय बोललो ते.

आबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "कोण रं तू?"

"बिरदेव कोळेकर... कारेगावचा. आमच्या आजाकडं बी मेंढरं होती, आबा."

"ते मंग बघू," आबा म्हणाले, पण मिशीत काहीतरी हललं. ते लेकीकडं वळले. "तुझं काय म्हणणं?"

हर्षदानं बिरदेवकडं पाहिलं. पायात वायरी अडकलेल्या, कान लालभडक, आणि नजर तिच्यावरून हलत नाही.

"काही नाही, आबा," ती म्हणाली, आणि मग तिला हसू आवरेचना. "अडचण एवढीच आहे... आमच्या लग्नात फोटो कोण काढणार?"