रिकाम्या खुर्च्यांमधून आलेलं उत्तर

बफेलोतल्या सेंट कोलमन शाळेचं छप्पर गळायला लागलं, म्हणून दुरुस्तीला पैसे जमवायला त्या हिवाळ्यात पालकांनी नाटक बसवायला घेतलं. लिहिलं ह्यू टॅलनने, बसवतही तोच होता. शाळेतल्या एका मुलाशी वाईट वागल्याचा एका फादरवर संशय येतो, मुख्याध्यापिका सिस्टर जाब विचारते, तो गप्प राहतो आणि पडदा पडतो. नाव बदललेलं असलं, तरी हे फादर लॉलरांबद्दल आहे हे गावाला कळत होतं. वीस वर्षांपूर्वी अशाच संशयावरून त्यांची तडकाफडकी बदली झाली होती. खरंखोटं कळायच्या आतच ते वारले.

सिस्टरचं काम नोरीन स्कलीकडे होतं. तिचा धाकटा भाऊ डर्मट लहानपणी चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी फादर लॉलरांच्या हाताशी असायचा. त्या विषयावर त्याने कधीच तोंड उघडलं नव्हतं.

एका दुपारी बर्फामुळे शाळेच्या सभागृहात तालमीला ह्यू आणि नोरीन दोघंच आली. फादरच्या जागी ह्यू उभा राहिला.

"त्या मुलाशी तुम्ही वाईट वागलात का, फादर?" नोरीनने विचारलं.

ह्यू ठरल्याप्रमाणे गप्प. कुठूनसा विझलेल्या मेणबत्तीचा वास आला. आणि मागच्या अंधारातल्या खुर्च्यांमधून कुणीतरी हलकेच उत्तर दिलं.

"ऐकलंस?" ह्यू पुटपुटला.

"हो म्हणाला..."

"नाही म्हणाला, नोरीन. स्पष्ट ऐकलं मी."

दोघांनी एकेक रांग पालथी घातली. कुणी नव्हतं. दाराला आतून कडी होती.

नोरीन तडक डर्मटच्या घरी गेली. "एकदाच चल. तूच सांगू शकशील."

"वीस वर्षं विचारतेयस. दमत नाहीस का गं?" तो म्हणाला, पण त्याने कोट चढवला.

डर्मट पहिल्या रांगेत बसला. रंगमंचावरून नोरीनने तोच प्रश्न विचारला. मागून उत्तर आलं. तिला पुन्हा 'हो' ऐकू आलं, शेजारी ह्यूने मान हलवली, "नाहीच..."

डर्मट खाली बघत होता.

"तू काय ऐकलंस?" नोरीनने त्याला विचारलं.

"माझं नाव घेतलं."

"कसं? मायेनं, की..."

डर्मट उठला, टोपी काढली, तळव्याने केस चापून बसवले आणि मागच्या अंधाराकडे वळला.

"आलो, फादर," तो म्हणाला. तो आवाज लहान मुलाचा होता, अजून न फुटलेला.