सायकल कुणाच्या आजोबांची?

साहेब, चोरी तुम्ही केलीत आणि मान खाली गेली सातवीतल्या एका मुलीची.

तुमच्या शिक्षण कार्यालयानं शाळाशाळांच्या पडद्यांवर 'तयार भाषणं' धाडली. लेखकाचं नाव एकावरही नाही. केतकीनं त्यातलं 'माझे आजोबा' पाठ केलं आणि भर सभागृहात म्हटलं, "आजोबा गेले. त्यांची सायकल अंगणात गंजतेय. तिची घंटी वाजवायचा मला अजून धीर होत नाही."

बायांनी डोळे पुसले. तेवढ्यात पहिल्या रांगेत कुणीतरी खोकलं. ते केतकीचे आजोबा होते. निवृत्त शास्त्रज्ञ नाना धुमाळ, धडधाकट.

मग सभागृहात जो हशा पिकला, तो तिच्या कानातून जाईना.

घरी नाना म्हणाले, "मी गेलो आणि मलाच कळवलं नाहीस होय गं? आणि सायकल कसली? मला चालवताच येत नाही!"

"नाना, बास ना." केतकीनं तोंड लपवलं. मग हळूच विचारलं, "पण मग सायकल कुणाची?"

नानांचा माग्या (मजकूर पहिल्यांदा कुणी लिहिला ते शोधणारा यंत्रमानव) क्षणभर गुरगुरला. "उदगीर. इरफान मुलाणी, तेव्हा सहावीत. शालेय स्पर्धेतला निबंध. मूळ नाव 'माझे दादाजान'."

"म्हणजे त्याचे खरंच गेले?"

नानांचं हसू थांबलं. "आजोबांवर कुणीही लिहावं, बाळा. विषय कुणाच्या मालकीचा नसतो. पण इरफानची शब्दांतली मांडणी त्याची. ती छापायची, वाटायची तर त्याला विचारायला हवं. हा स्वामित्वहक्क (निर्मात्याला कायद्यानं दिलेला अधिकार)."

"त्यानं हो म्हटलं असतं तर?"

"तर भाषणं धाडणारे साहेब सुटले असते. तू नाही. दुसऱ्याचं लेखन आपलं म्हणून सांगणं हे वाङ्मयचौर्य. परवानगी असली तरी खोटं ते खोटंच."

केतकीनं इरफानच्या शाळेत फोन लावला. त्याला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं.

"सायकल आता गंजत नाही," तो म्हणाला. "मी चालवतो. भाषण म्हण हवं तर. पण दादाजान म्हण. आणि ते माझे होते, हे सांग."

दुसऱ्या दिवशी केतकी पुन्हा त्याच सभागृहात उभी राहिली. तिनं इरफानचं नाव घेतलं, आपली चूक सांगितली. मग सायकल न येणाऱ्या नानांवर स्वतः लिहिलेल्या चार ओळी वाचल्या. अडखळत, पण तिच्याच.

बारा वर्षांच्या पोरीला हे जमलं. साहेब, इरफानचं नाव कुणी खोडलं? त्याच्या दादाजानचे 'आजोबा' कुणाला विचारून केलेत?

उत्तर द्या.