शांततेतले हुंकार

ते दोन हजार अठरा साल. चेन्नईजवळ तांबरमच्या एका इस्पितळात डॉक्टर विद्युलता पोटातल्या बाळाला काय ऐकू येतं, याचा अभ्यास करत होत्या. गोदाबाईंची सून शरण्या त्यात सामील झाली. तिची आधीची दोन बाळं सातव्या महिन्यात पोटातच गेली होती. या निमित्ताने दर आठवड्याला तपासणी तरी होईल, एवढंच गोदाबाईंच्या मनात होतं.

पोटाला पट्टा बांधायचा. आधी आईच्या आवाजात रेकॉर्ड केलेली गोष्ट, मग परक्या बाईच्या, आणि शेवटी नुसती शांतता. कागदावर बाळाच्या ठोक्यांची रेघ उमटत राही. शरण्याने गोष्ट सांगितली होती ती सासूकडूनच ऐकलेली, तंजावरी मराठीत.

"अम्मा, तुमचं हे मराठी माझ्या पुण्याच्या आईला निम्मंसुद्धा समजायचं नाही," विद्युलता गोदाबाईंकडे बघून हसल्या.

"पोटातल्याला समजलं की झालं, डॉक्टरम्मा!"

आणि समजत होतं. शरण्याचा आवाज वाक्याशेवटी थांबला की बाळ पाय हलवी. परक्या बाईला मात्र दाद नाही.

"हुंकार देतंय बघा!" गोदाबाई म्हणाल्या. त्यांच्या घरी हुंकार न देणाऱ्याला कोणी गोष्ट सांगत नसे. माणूस जन्माआधीच ऐकतो, हे डॉक्टरम्मांनी डोळ्यांसमोर दाखवलं, याचं त्यांना कोण कौतुक! शेजारीपाजारी सांगत सुटल्या.

फक्त, शांततेतही बाळ हुंकार देई. थांबून थांबून. मधली अंतरं लहानमोठी, वाक्यं असतात तशी.

विद्युलतांनी पट्टा बदलला, यंत्र बदललं, खोलीतला एसीसुद्धा बंद केला. हुंकार येतच राहिले.

सातवा महिना लागला आणि एका दुपारी बाळ हलेनासं झालं. रेघेतले चढउतार मावळत चालले. शरण्याची गोष्ट लावली. काही नाही. शरण्या स्वतः बोलली, रडली. काही नाही.

"नुसतं झोपलं असेल तर आत्ता बाहेर काढणं धोक्याचं," विद्युलता म्हणाल्या. "आणि झोपलं नसेल तर आत ठेवणं." शस्त्रक्रियेची तयारी सुरू झाली.

गोदाबाईंनी त्यांचा हात धरला. "सगळं बंद करा. कोणी बोलू नका."

खोली गप्प झाली.

पोट हललं.

जरा थांबून, पुन्हा.

रेघ वर चढली.

विद्युलतांनी शस्त्रक्रिया थांबवली. बाळ पूर्ण दिवसांचं, ठणठणीत झालं. मुलगी. यामिनी.

विद्युलतांचा अभ्यास पुढे नावाजला गेला. आता त्या पुण्यात शिकवतात. शांततेतल्या रेघा त्यांनी कुठे छापल्या नाहीत. पण यामिनीच्या वाढदिवसाला न चुकता फोन करतात. शरण्या शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात परत रुजू झाली. आधीच्या बाळांचा विषय घरात कोणी काढत नाही. गोदाबाई, म्हणजे यामिनीची पाट्टी, दुपारी नातीला गोष्ट सांगतात.

परवा सांगता सांगता त्यांचाच डोळा लागला. जाग आली तेव्हा यामिनी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"हं," ती म्हणाली. जरा थांबून पुन्हा, "हं."

"कोणाला गं?"

"पाट्टी, मधे बोलू नकोस ना. आधीच ते दोघं एकदम सांगतात."